सातव्या भागाचं आमंत्रण

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे मेजर म्हणत. खऱ्या आयुष्यात हा माणूस झुरळ मारतानाही डोळे मिटून घेई. पण लढाईच्या एका व्हिडिओ गेमचे सहा भाग त्याने सोळा वर्षांत पार केले होते आणि तिथे तो मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला होता. वय सत्तेचाळीस. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांवर मेण चढवायचं, कवळ्या घासायच्या, परक्यांचे दात नीट जुळवून द्यायचे. सख्ख्या भावाशी मात्र त्याचं दोन वर्षं जुळत नव्हतं.

आज दुपारी चार वाजता सातवा भाग खुला होणार होता. मेजरने अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि कारण दिलं दाढदुखीचं. दातांच्या लॅबमध्ये ही थाप मारण्याइतका भाबडा तोच. तिघांनी मिळून त्याचा जबडा तपासला, दाढ ठणठणीत निघाली. तरी मालकीणबाईंनी हसत त्याला सोडलं.

त्याला हसू आलं नाही. पहिल्या भागापासून दोघा भावांचा एक नियम होता. नव्या भागाची पहिली मोहीम दोघांनी मिळूनच खेळायची. आमंत्रण धाकट्याने पाठवायचं, पुढे थोरल्याने, म्हणजे मेजरने, चालायचं. धाकटा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, दोघांची लग्नं झाली, तरी हा नियम मोडला नव्हता. आज आमंत्रण आलं नाही तर भाऊ तुटला असं धरून चालायचं, हे मेजरने मनाशी ठरवलं होतं.

बिनसलं ते सहाव्या भागात. त्या संध्याकाळी दोघे खेळत होते. मेजरकडे राहणारे वडील न्हाणीघरात पडले आणि हाका मारू लागले. मेजरच्या दोन्ही कानांवर हेडफोन, त्यात गोळीबार. त्याला काही कळलं नाही. पण ती हाक त्याच्या माइकने टिपली आणि दूर धाकट्याच्या कानात पोचली. धाकट्याने सांगितलं तेव्हा कुठे मेजर धावला. खुब्याचं हाड मोडलं होतं. वडिलांनी अंथरूण धरलं आणि दोन महिन्यांत ते गेले.

ते गेले त्या आठवड्यात धाकटा एकच वाक्य बोलला. "मला एवढ्या लांब ऐकू आलं, तुला शेजारच्या खोलीत नाही आलं?"

मेजरला ते फार लागलं, कारण हाच प्रश्न तो स्वतःला रोज विचारत होता. रागाच्या भरात त्याने गेममध्ये जाऊन धाकट्याचा आवाज बंद करून टाकला. पुढे मित्रांच्या यादीतून धाकट्याचं नावच गेलेलं दिसलं आणि मेजरने समजायचं ते समजून घेतलं. दोघे एकाच माळेचे मणी. फोन कुणीच केला नाही.

चार वाजले. गेम उघडला. पडद्यावर सैनिकांचा ट्रक तयार उभा होता, शेजारची जागा रिकामी. सव्वाचार झाले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, पण लक्ष सगळं इकडेच.

"तुम्हीच बोलवा की त्यांना."

"बोलवायचं त्याने असतं."

नियम तेवढे बरे लक्षात राहतात, असं पुटपुटत तिने घडी अर्धवट टाकली आणि सरळ जावेला फोन लावला. मेजर पडद्याकडे बघत राहिला, कान मात्र फोनकडे. फोन ठेवून बायको समोर येऊन सांगू लागली. धाकट्यानेही आज रजा काढली होती. चारपासून तीनदा आमंत्रण पाठवलं होतं. आजच कशाला, दोन वर्षं दर रविवारी तो पाठवत होता. दादा बघतो आणि उत्तर देत नाही, म्हणायचा.

कधी न उघडलेल्या सेटिंगमध्ये मेजर शिरला. ब्लॉक केलेल्यांच्या यादीत एकच नाव होतं. त्या दिवशी रागात अंगठा 'आवाज बंद'च्या एक ओळ खाली, 'ब्लॉक'वर पडला होता. कडी आतून त्यानेच घातली होती आणि दोन वर्षं कुणी येत नाही म्हणून रुसूनही तोच बसला होता.

त्याने ब्लॉक काढला, आणि नियम मोडून पहिल्यांदाच स्वतः आमंत्रण पाठवलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग ट्रकमधली शेजारची जागा भरली. मेजरने घाईने माइक सुरू केला.

"अरे, माझ्याकडून चुकून..."

"दादा, आधी माझं ऐक. दोन वर्षं हेच सांगायला बोलवत होतो. फोनवर धीर झाला नाही." धाकटा म्हणाला. "बाबांची हाक मला लगेच ऐकू आली होती. आपण जिंकत होतो. म्हटलं, एवढं संपू दे, मग सांगतो."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. थोडी जास्तच."

मेजरला राग आला. सगळ्या गुन्ह्याचं ओझं त्याने एकट्याने वाहिलं होतं, आणि वर त्या प्रश्नाची जखम. अंगठा पुन्हा त्याच खालच्या, 'ब्लॉक'च्या ओळीवर जाऊन थांबला. पडद्यावर ट्रक थांबला होता. धाकट्याचा सैनिक उतरत नव्हता. थोरल्याने पुढे व्हायची वाट बघत तो बसून होता.

मेजरने डाव्या कानावरचा हेडफोन सरकवला. स्वयंपाकघरात नळ सुरू होता, बायको भांडी विसळत होती. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"एक कान मोकळा ठेव," तो म्हणाला. "मीही ठेवलाय."

आणि तो ट्रकमधून उतरून पुढे चालू लागला.