दव सुकेपर्यंतची प्रार्थना

घाटंजीच्या त्या ओसरीवरची उपासना घड्याळावर नव्हे, दवावर चालत असे.

दवाने ओला झालेला कापूस वेचत नाहीत. तसाच वेचून गंजीत टाकला तर तो आतल्या आत ऊब धरतो आणि पिवळा पडतो. म्हणून ऊन वर येऊन बोंडे कोरडी होईपर्यंत शेतमालक वेचणीला हात लावू देत नाही. वेचणाऱ्या बायांना हंगामात रविवार नसे. तेव्हा प्रभूच्या दिवशी त्यांच्या हाती मोकळा वेळ उरे तो एवढाच, उजाडल्यापासून दव सुकेपर्यंतचा. माझ्या घरमालकीणबाईंनी तेवढ्या वेळात उपासना बसवली होती. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सारे गाव त्यांना सिस्टर म्हणे. त्यांचे घर गावाच्या कडेला, शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते आणि बायांना न्यायला येणारी मेटॅडोर त्यांच्याच दारात थांबे. तिचा हॉर्न वाजला की सिस्टर अर्ध्या वाक्यात ‘आमेन’ म्हणत आणि दहा-बारा बाया वेचणीची झोळी कमरेला कसत उठत.

त्यांतल्या काही जुन्या मिशनच्या वस्तीतल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती होत्या. काही सिस्टरांच्या हातून बाळंत झालेल्या आणि त्यानंतर येतच राहिलेल्या. पहिल्या वेचणीला शेतात दहीभात शिंपडण्याची रीत दोघी-तिघींनी सोडली नव्हती, आणि सिस्टरांनी ती सोडायला सांगितलेही नव्हते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, प्रभुभोजन देत आणि जेवून परत जात. बाकीचे रविवार सिस्टरांचे.

दिवाळीनंतरच्या सत्रात मी ओसरीमागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे होते. यवतमाळच्या घरात आई आणि मी, दोघीच होतो. पोळ्याच्या आठवड्यात आई गेली. मी घराला कुलूप लावले आणि इथे आले.

दुःख होत नव्हते, हीच माझी अडचण होती. कळत सगळे होते. न्हाणीतल्या चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा धुरकट वास कळे. तुरीच्या फुलांचा पिवळा आणि उन्हाचा पिवळा यांतले अंतर कळे. जिनिंग कारखान्याच्या बाजूने वाऱ्यावर येणारा एखादा तंतू पापणीवर बसे, तो बोटाने काढताना त्याला वजन नाही हेसुद्धा कळे. फक्त कळण्याच्या पुढे काही जात नसे. जिभेवर साखर ठेवावी आणि ती गोड असल्याची बातमी यावी, तसे दिवस होते.

बोंडअळीची ती वर्षे. कपाशीची पराटी छातीइतकी उंच, हिरवीगार, बोंडांनी लगडलेली दिसे. बोंड उकलून पाहिले की आत गुलाबी अळी आणि काळपट, घट्ट बसलेला कवडी कापूस. वर्गात मुले खिशातून न उमललेली बोंडे आणत आणि बाकावर नखांनी फोडून पाहात. मी त्यांना रागवत नसे. मी कुणालाच रागवत नसे.

सिस्टरांनी पहिल्याच रविवारी दार वाजवले. “ये, तुझी जागा राखली आहे,” एवढेच म्हणाल्या. नाही म्हणायला जितका जोर लागला असता तितका माझ्यात नव्हता, म्हणून मी गेले.

गायन झाले, शास्त्रपाठ झाला आणि मग गोल बसून एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची होती. ज्या बाईला बोलायचे नसेल तिने शेजारणीचा हात दाबायचा, की पाळी पुढे सरके. माझ्या उजव्या हाताला टोळीतली सर्वांत वयस्क बाई बसे. सगळ्या तिला मोठी माय म्हणत. बोंडांच्या काट्यांनी तिच्या बोटांची पेरे इतकी खरखरीत झाली होती की तिचा हात हातात घेणे म्हणजे झाडाची साल धरणे होते. मी तो हात दाबला. पुढच्या रविवारीही दाबला. त्याच्या पुढच्याही.

मोठ्या मायच्या सुनेची जीभ तिखट होती. एकदा पायऱ्या उतरताना मला ऐकू जाईल अशा बेताने तिने शेजारणीला विचारले, “काहून वो, शिकोल्या लोकायचा देव मुका रायते काय?”

मला राग आला नाही. पण प्रश्न खरा होता. आमच्या घरी दिवेलागणीला आई मोठ्याने प्रार्थना करी, साध्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावे तशी. बोलायला मी तिथेच शिकले. कवितेचा अभ्यास केला तो पुढे. आता ते बोलणे मला येत नव्हते. आणि ते कायमचे गेले असेल तर आई जिथे गेली त्या ठिकाणाशी माझे नातेच संपले, हे मला स्वच्छ दिसत होते. त्याचेही भय वाटत नव्हते, आणि सर्वांत वाईट तेच होते.

नोव्हेंबर सरता सरता सिस्टर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी भाचीकडे नागपूरला निघाल्या. जाताना गीतांची वही आणि चष्म्याचे रिकामे घर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “नाताळपर्यंत तू घे उपासना.”

“मला जमणार नाही, सिस्टर.”

“वाचता तुलाच येतं नीट. दार बंद राहिलं तर या बाया रस्त्यावर उभ्या राहतील गाडीची वाट बघत. थंडीत.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी पिशवीची चेन ओढली. “जमतं की नाही ते मी विचारलं नाही.”

पहिल्या रविवारसाठी मी प्रार्थना लिहून काढली. शनिवारी संध्याकाळभर बसले. शब्द नीट निवडले, ओळींचा तोल सांभाळला. पहाट, पाखरे, पित्याचे अथांग वात्सल्य, सगळे त्यात होते. सकाळी ती वाचली. बाया डोळे मिटून शांत बसल्या होत्या. वाचून झाल्यावर सुनेने डोळे उघडले.

“लय चांगली होती, मॅडम. कोनासाठी होती?”

बाकीच्या पदरात हसल्या. मोठी माय सुनेला म्हणाली, “तुह्या तोंडाले काटा लागो.” पण तीही हसत होती. प्रार्थना कुणासाठीच नव्हती. ती चांगली होती, एवढेच.

तिसऱ्या रविवारी धुके पडले.

सकाळी दार उघडले तेव्हा ओसरीच्या खांबापुढे रस्ताच नव्हता. बाया एकेक करून त्या पांढऱ्यातून बाहेर आल्या, डोक्यावरची शाल आणि भुवया ओल्या. मी शास्त्रपाठ वाचला, दोन गीते झाली, लिहून आणलेला कागदही संपला. हॉर्न वाजला नाही.

“अजून दव हाये,” सून म्हणाली.

“मंग अजून उपासना हाये,” मोठी माय म्हणाली.

त्यांच्या हिशेबी यात विचार करण्याजोगे काही नव्हते. दव सुकेपर्यंत वेळ देवाचा, असे ठरलेले होते आणि आज दव सुकत नव्हते. तिसरे गीत झाले. चौथे झाले. एकीने आत जाऊन चहा केला. नऊ वाजून गेले, दहा होत आले. कौलांच्या कडेवरून थेंब पडत होते, प्रत्येक थेंबाचा आवाज निराळा होता.

“आता काय वाचता, मॅडम?”

“होतं ते वाचून झालं.”

“म्हंजे तुमच्याजवळचं संपलं,” सून म्हणाली. “आमच्याजवळचं त कवाच संपलं. मंग करा गोल, दुसरं काय.”

गोल सुरू झाला. एकीने बकरीच्या खुरासाठी मागितले, एकीने दारू पिऊन आलेल्या जावयासाठी, आणि तो नीट होत नसेल तर निदान त्याच्या गावी जावा यासाठी. सुनेने हात जोडून सांगितले, “प्रभू, ते अळी बी तुनंच बनवली, मले मालूम हाये. पन तिले दुसरं काई खायाले दे न.” पुष्कळ जणींनी आमेन म्हटले.

मग पाळी माझ्याकडे आली. मी डोळे मिटूनच उजवीकडे हात नेला. हाताला पदर लागला. पुन्हा चाचपले. मोठ्या मायने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले होते.

“आज हात नाई भेटत,” ती म्हणाली. “थंडी हाये.”

मी डोळे उघडले. ती समोर बघत होती.

“बोल न वो पोरी. धुई उठेलोक वेळच वेळ हाये.”

मी बोलले ते देवाशी नव्हे, तिच्याशी बोलले. “मला काही वाटत नाही, माय.”

“म्हंजे?”

“आई गेली. मला रडू आलं नाही. तेव्हापासून काहीच वाटत नाही. देवाचं नाव घेतलं तरी नाही. काय बोलू?”

मग सून म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात काटा नव्हता, “अन् आमाले वाटे का आमच्यासंगं प्रार्थना कराची लाज वाटते तुमाले. इतके दिस सांगतलं काहून नाई?”

मोठ्या मायला त्यात नवल वाटलेले दिसले नाही. एखाद्या बाईने म्हणावे की मला ताप आहे, तसे तिने ते ऐकले. हात पदराखालून काढले, एक माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“प्रभू, हे पोरगी अथी बसली हाये. हिची माय गेली. हिले काईच वाटून नाई राह्यलं. तुले त मालूम असन, पन म्या सांगतो. हिच्यानं बोलनं होत नाई, त हिच्या वाट्याचं मी बोलीन. आमेन.” आणि मला म्हणाली, “झालं. आता तुहं मी करत जाईन. तू फकत बसत जाय.”

त्या वाक्याने माझ्यात काही उमलले असे लिहिले तर ते खोटे होईल. काही उमलले नाही. पावणेअकराला ऊन आले, गाडी आली, बाया गेल्या. दुपारी मी भात, वरण, चटणी असे ताट वाढून घेतले आणि संपवले, आणि ताट घासताना लक्षात आले की आपण सगळे संपवले. इतकेच झाले.

पण पुढच्या रविवारी पाळी माझ्यावरून तिच्याकडे सरकली तेव्हा मोठी माय आपली प्रार्थना आटपून तशीच पुढे बोलत राहिली, जणू तिच्या वेचणीच्या ओळीला लागून माझेही एक तास होते आणि तिथेही तिलाच वेचायचे होते. “अन् हे पोरगी. हिचं पडसं बरं कर. हिच्या कालेजातल्या पोरायले अक्कल दे. हिले रातची झोप दे.” माझ्या नावाने दुसऱ्याने लिहिलेले पत्र वाचून दाखवले जावे, तसे मी ते ऐके. सर्दीचा तपशील बरोबर असे. झोपेचा तिला कसा कळला ते मी विचारले नाही.

मला कविता शिकवणाऱ्या माणसांनी सांगितले होते की अनुभव ज्याचा त्यालाच असतो, तो उसना घेता येत नाही. ते खरे असेल. पण पवित्र शास्त्रात छपरातून खाली सोडलेल्या एका पक्षाघाती माणसाची हकिकत आहे. लहानपणापासून ऐकलेली. त्या वर्षी ती वाचायला घेतली तेव्हा प्रथमच दिसले की तो माणूस स्वतः काहीच मागत नाही. त्याच्या तोंडी एक शब्द नाही. चौघे त्याला उचलून आणतात, कौले काढतात, खाली सोडतात, आणि तेवढे पुरते. ती गोष्ट मी सलग दोन रविवार वाचली. कुणी तक्रार केली नाही. सुनेने फक्त विचारले, “अन् त्या घरवाल्याचं छप्पर कोन शाकारून देल्लं?”

नाताळ झाला. सिस्टर काळा चष्मा लावून परतल्या आणि वही पुन्हा त्यांच्याकडे गेली. मी माझ्या जागी, मोठ्या मायच्या डाव्या हाताला. संक्रांत उलटली. कापूस असा उरला नव्हता. एरवी या दिवसांत फरदडीची, म्हणजे उशिराच्या बहराची, वेचणी चाले, त्या वर्षी लोकांनी उभ्या पराटीत जनावरे सोडली. हंगामाचा तो शेवटचा रविवार आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. दवही नावापुरते होते. एवढ्याशा वेळात गोल आटपायचा म्हणून सगळ्या घाईने बोलत होत्या.

मोठी माय बोलू लागली. घरचे झाले, गुरांचे झाले, सुनेच्या तोंडाचे झाले. मग नेहमीसारखी ती माझ्याकडे वळली.

“अन् प्रभू, तुहे उपकार. हे पोरगी आता बरी झाली. हिले आता—”

“नाही.”

आवाज माझा होता. मोठा होता. डोळे मिटलेलेच होते.

“बरी नाही झाले,” मी म्हणाले. “थोडं जेवते. झोप येते कधी कधी. बाकी अजून नाही झालं बरं.”

एक बांगडी वाजली आणि थांबली. सून हळूच म्हणाली, “घ्या! पयल्यांदा तोंड उघडलं त भांडालेच. आत्याबाई, तुमची प्रार्थना खोटी पाडली न तिनं.”

“चूप राह्य,” मोठी माय म्हणाली. “माह्याशी नाई बोलून राह्यली ते.”

आणि खरेच, मी तिच्याशी बोलत नव्हते. ते मला तिच्या बोलण्यानंतर कळले. छातीच्या मध्यभागी काहीतरी दुखत होते. फार नाही, बोटाने दाखवता येईल एवढ्या जागेत. मी डोळे उघडले नाहीत. शब्द निवडले नाहीत.

“आई पोळ्याच्या आठवड्यात गेली,” मी म्हणाले, आणि तिथून सांगायला लागले.