पेनड्राइव्हवरची जावा

त्या उन्हाळ्यात कॉलेज दुपारी बारालाच सुटायचं, कारण टाकीत पाणी नसायचं. बायपासच्या कडेच्या नव्या इमारती अर्ध्यावर थांबल्या होत्या; बांधकामाला पाणी बंद झालं होतं. माझे वडील तिथं सेंट्रिंगचं काम करायचे, तेही घरी बसले. एका कंपनीची नोकरीची परीक्षा आमच्याच लॅबमध्ये होणार होती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्या परीक्षेकडे.

"लागंल का गं नोकरी?" वडील रोज विचारायचे.

"परीक्षा तर होऊ द्या, आप्पा."

आमचे प्रोग्राम जावा या सॉफ्टवेअरवर चालायचे, आणि लॅबच्या मशीनवरची जावा जुनी होती. "मशीनला हात लावू नका, नवी पाहिजे तर पेनड्राइव्हवर आणा," असं लॅबचे सर म्हणायचे. म्हणून मी ती पेनड्राइव्हवर आणली आणि मशीननं जावा तिथंच शोधावी म्हणून माझ्या लॉगिनच्या सेटिंगमध्ये तिथला पत्ता टाकला. सगळं नीट चालत राहिलं, आणि तो पत्ता मी विसरून गेले.

परीक्षेच्या दिवशी दारातच सगळ्यांचे पेनड्राइव्ह काढून घेतले.

प्रश्न सोपा होता. फाइलमधले आकडे वाचायचे, बेरीज दाखवायची. मी प्रोग्राम लिहून चालवला, तर इंग्रजीत ओळ आली: फाइल सापडत नाही. खरं तर मशीन पेनड्राइव्हवरची जावा शोधत होतं. मला वाटलं, माझ्या प्रोग्रामला आकड्यांची फाइल सापडत नाहीये. इंग्रजीत चूक दिसली की ती आपलीच, हे मी शाळेपासून धरून चालले होते. फाइल उघडायच्या ओळी खोडल्या, वेगळ्या लिहिल्या, परत खोडल्या. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

वेळ संपत आली तेव्हा हात वर केला. सर येऊन वाकले.

"अगं बाई, पत्ता पेनड्राइव्हचाच ठेवलास व्हय! मग इतका वेळ मशीनची आरती करत होतीस का?"

मागची मुलं हसली.

सरांनी पत्ता बदलला. आता जावा सापडली, पण प्रोग्राम खरोखरच अडला. बरोबर ओळी मीच मोडून ठेवल्या होत्या.

"बघ, चूक तुझ्याच प्रोग्राममध्ये आहे."

कंपनीचे साहेब मागंच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि पुढं गेले.

"सर, पहिला बरोबर होता."

"कुठंय पहिला?"

तो कुठंच नव्हता.

घरी वडिलांना सांगितलं, जमलं नाही.

"लई अवघड होतं का?"

"नाय आप्पा. सोपं होतं."