परिणामांची जबाबदारी

बातमीला शेपूट लावण्यात माझा हात धरणारा आमच्या दैनिकात कुणी नव्हता. रकाना चार ओळींनी कमी पडला की मी डोळे मिटून लिहायचो, ‘मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी प्रशासनावर राहील.’ गटार तुंबलं तरी हेच, एसटी वेळेवर येईना तरी हेच. वार्ताहराला विचारायचं कशाला?

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस होतं आणि मी तिथं उपसंपादक. गोव्याच्या वाटेवरच्या एका तालुक्यात आमचा वार्ताहर होता, धंद्यानं शिंपी. बातमीचं पाकीट तो सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. एकदा त्यानं लिहिलं की चोरटी दारू नाक्यावरून राजरोस सुटते आणि गावकऱ्यांनी त्याबद्दल निवेदन दिलंय. बातमी चोख होती, पण रकाना कमी पडला. मी शेपूट लावलं.

आठवड्यानं त्याला उचललं. राष्ट्रीय सुरक्षा कायदा! म्हणजे आरोपपत्र नाही, खटला नाही, सल्लागार मंडळापुढं वकीलसुद्धा नाही. वर्षभर नुसतं बसा आत. टाडाचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं, पण या दुसऱ्या कायद्यानं एक शिंपी गिळला, त्याचा कुणाला पत्ताच नव्हता.

त्याची बायको स्टँडवरून चालत ऑफिसात आली. स्थानबद्धतेचा आदेश पिशवीतून काढून तिनं माझ्यापुढं ठेवला. त्यात दारूचं नावही नव्हतं. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका म्हणून बातमीतलं एकच वाक्य अवतरणचिन्हांत घातलं होतं, आणि ते माझं होतं.

तिला मंडळापुढं ठेवायला दैनिकाचं पत्र हवं होतं. हा आमचा वार्ताहर, बातमी आम्ही छापली, बस्स एवढंच. संपादक गोड माणूस. त्यांनी तिला चहा पाजला आणि तो मानधनावरचा होता, पगारी नव्हता, असं समजावून सांगितलं. पत्र दिलं नाही. ती माझ्याकडे वळली.

“दादा, ह्ये त्येंचं वाक्य हाय का? त्ये असं लिवत न्हाईत.”

बघावं लागेल, म्हणालो. बघायचं काय होतं, डोंबल! ती गेल्यावर मी खणातून त्याचा मूळ कागद काढला. ‘निवेदन दिले आहे’ इथं बातमी संपत होती. त्याच्या हातचा तो कागद घेऊन मी स्टँडपर्यंत पळालो असतो तर ती सापडली असती. पण मला माझी नोकरी दिसली, घर दिसलं आणि खरं सांगायचं तर तसल्याच आदेशावर माझं नाव दिसलं. कागद मी रद्दीच्या गठ्ठ्यात घातला. भेकडपणाला दुसरा शब्द मला त्या दिवशीही सापडला नाही आणि आजही सापडत नाही.

आठ महिन्यांनी तो सुटला. त्यानंतर त्यानं बातमी पाठवली नाही आणि आम्हीही मागितली नाही.

पुढं काही वर्षांनी टाडाच्या जागी पोटा कायदा आला. कोल्हापुरात पत्रकारांची निषेध सभा झाली, त्यात ज्येष्ठ म्हणून मला व्यासपीठावर बसवलं. काय बोललो मी! लेखणी, लोकशाही, काळे कायदे, काही म्हणून सोडलं नाही. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर तो समोर उभा. केस पार पांढरे झालेले.

भाषण झ्याक झालं, म्हणाला. मी कसाबसा हसलो. मग त्यानं मला हाताला धरून बाजूला नेलं.

“ते वाक्य तुमचं हुतं. ठावं हाय की मला. पोलिसांनी इचारलं तवा माझंच म्हणून सांगितलं. म्हटलं, तुमास्नीबी उचललं तर मागं आमचं छापणार कोण?”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्या आठ महिन्यांत आम्ही त्याच्याबद्दल एक ओळ छापली नव्हती. आणि तो होता त्या कारागृहात आमचा अंक रोज जात होता.