मागून दिसणारं मशीन

आमचे हे रागावले की बोलत नाहीत, फुंकतात. तोंडात ती रबराची बारीक नळी नसली तरी गाल फुगवून हवा सोडतात. निऑनच्या पाट्या करणाऱ्याला ही खोड लागतेच. काच बर्नरवर मऊ करायची, वाकवायची आणि वाकताना ती चपटी होऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाने अलगद फुंकत राहायचं. जोरात फुंकलं तर फुगा, हळू फुंकलं तर घडी. ह्यांचं उभं आयुष्य या फुंकण्यात गेलं. मागे एक पेपरवाला आला होता, त्याने छापलं की प्रत्येक पाटीत या कारागिराचा श्वास कोंडलेला आहे. मी हौसेने वाचून दाखवलं, तर म्हणाले, "कसला डोंबलाचा श्वास! आतली सगळी हवा पंपाने ओढून काढल्याशिवाय गॅस भरताच येत नाही." असा माणूस. कौतुक करायला जावं तर त्यातही चूक काढणार.

आमच्या दोन खोल्या शिलाई मशीनच्या दुकानामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. दुकानाच्या गच्चीवर ह्यांच्या हातची पाटी. तिच्यावर अक्षर एकही नाही, नुसतं मशीन. निळं अंग, पिवळं चाक आणि लाल सुई. सुया खरं तर दोन, एक वर, एक खाली. त्या आळीपाळीने पेटतात आणि सुई टाके घालतेय असं वाटतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नुकतीच लागली होती. ह्यांचं पहिलं मोठं काम ते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्हाला ती मागून दिसायची, आणि काचेची नळी पुढून पेटते तेवढीच मागूनही पेटते. मुलगा तान्हा असताना रडायला लागला की मी त्याला खिडकीशी न्यायची, "ती बघ सुई, कशी पळते बघ." पुढून बघायचं म्हणजे मोठ्या रस्त्यावर जाऊन मान वर करायची. दोन्ही हातांत पिशव्या असताना एवढी सवड कोणाला? हेसुद्धा दुरुस्तीला गच्चीतून चढायचे, म्हणजे मागूनच.

तोच मुलगा मोठा होऊन एलईडीच्या पाट्या करायला लागला. झालं! घरात महाभारत. हे एलईडीच्या त्या मऊ, वाकणाऱ्या नळ्यांना 'प्लॅस्टिकची आतडी' म्हणायचे. मुलगा म्हणायचा, "बाबा, ही फुटत नाही, तापत नाही, कोणाला शॉक देत नाही." हे म्हणायचे, "हो ना, आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही." मुलाने पलीकडच्या भागात वर्कशॉप घेतलं, वरच संसार थाटला, आणि बापलेकांचं बोलणं "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर आलं. इकडे काच मिळेना, गॅस मिळेना, गिऱ्हाईक तर औषधालाही मिळेना. बर्नर पलंगाखाली गेला आणि हे घरी बसले.

घरी बसलेला पुरुष काय असतो ते मला विचारा. माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. बिजागऱ्यांना तेल घालायचे, न वाजणाऱ्यांनासुद्धा. मी वैतागायची, पण तेही एक बरं होतं. मग तेही थांबलं. नुसते खिडकीशी बसून राहायचे. एक दिवस मी मुद्दाम चहात साखरच घातली नाही. मुकाट्याने प्यायले, गाल जरासुद्धा फुगले नाहीत. माणूस डोळ्यांसमोर विझत चालला होता.

अशात दुकानाच्या शेठनी पाटी बदलायचं काढलं. एक सुई पेटायची बंद झालेली, ट्रान्सफॉर्मर सारखा जळायचा. शहराच्या कचेरीत ती पाटी जपायच्या जुन्या पाट्यांत नोंदलेली, त्यांनी सांगितलं की रूप तेच ठेवा, आत काय घालायचं ते घाला. शेठनी काम दिलं आमच्याच मुलाला. तो सांगायला आला तो उंबऱ्यातच उभा.

"कर की," हे म्हणाले. "धंदा आहे तुझा."

"बाबा, आखणी तुम्ही करा. ती सुई मला जमायची नाही."

जमली असती हो! एवढा काही तो कच्चा नाही. पण बापाला बाहेर काढायला निघाला होता, हे मला कळलं आणि त्यालाही कळलं की मला कळलंय. हे पुन्हा खिडकीकडे वळले. मग मीच उठले. "तुम्ही जात नसाल तर मी जाते. उठा म्हणते ना!"

गेले! तेव्हापासून मी सकाळी दोन डबे भरायला लागले, एक बापाचा, एक लेकाचा. संध्याकाळी हे आले की तोंडाचा पट्टा सुरू. तुझ्या लेकाला कात्री धरता येत नाही, त्याचा गोंद सुकत नाही, त्याच्याकडे रेडिओ फार मोठ्याने लावतात. आणि एकदा सांगता सांगता गाल फुगवून अशी हवा सोडली की मी ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. मला एवढंच हवं होतं. पाटी गेली खड्ड्यात, हा माणूस रोज सकाळी चपला घालून बाहेर पडू दे.

आखणीसाठी ह्यांनी माळ्यावरून त्या पाटीच्या चित्राचा पहिला, मूळ कागद काढून नेला. निऑनमध्ये काच कागदावर पालथी वाकवतात, म्हणून कागदावरचं चित्र उलटं काढतात. काच उचलून पालटली की सुलटं. हे ह्यांना सांगायला नको, हातातच ते मुरलेलं. कागद बोर्डावर पसरला, रेघ न् रेघ उतरवली, त्यावर मऊ नळी बसवली. पण बोर्ड काही काच नव्हे, तो पालटता येत नाही. हे कोणाच्या म्हणजे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मुलाने वर्कशॉपमध्ये बटण दाबलं तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. सुई चालायला लागली. "बाई गं, अगदी आपलं मशीन!" मी ओरडले. मुलगा म्हणाला, "हुबेहूब." ह्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला असेल!

पाटी चढवली त्या संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर चांगली गर्दी जमली. शेठनी सगळ्यांना चहा दिला. दिवे लागले, टाळ्या पडल्या, आणि शेठ मान वाकडी करून बघत राहिले. जन्मभर मशीन विकलेला माणूस तो.

"अहो," ते म्हणाले, "चाक डावीकडे कसं? डावखुऱ्यांसाठी नवीन मॉडेल काढलं की काय?"

लोक हसले. शेठच्या मनात वाईट नव्हतं, पण हसले ते हसलेच. मुलाचा चेहरा पडला. हे मात्र तसेच वर बघत. "काय झालं? सुई बरोबर चालतेय की," मला म्हणाले, मग मुलाला म्हणाले, "बरोबर आहे ना रे?"

मुलगा जवळ आला, हळूच म्हणाला, "बाबा, आपण आजवर ती मागून बघत आलो."

ह्यांनी पुन्हा वर बघितलं. मग दुकानाकडे, मग आमच्या गल्लीच्या दिशेला. काय झालंय ते चेहऱ्यावर हळूहळू उतरताना मी बघितलं आणि वाटलं, हे बघायला मी इथे नसते तर बरं झालं असतं. आम्ही तिघं जन्मभर ज्याला सुलटं समजत आलो ते जगाला उलटं होतं. हातातला चहा तसाच धरून हे घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलाने फोन केले, मी बोलून बघितलं, रडून बघितलं, भांडूनही बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदाच बोलले, "हाताला जे कळतं ते तिथे चुकीचं ठरतं. मग तिथे जाऊन करू काय, झाडू मारू?"

मुलाने एकट्यानेच दुसरा बोर्ड केला, सुलटा. सगळ्यांना आवडला. आमच्या खिडकीतून मात्र नुसता काळा पत्रा आणि लोंबणाऱ्या वायरी. एलईडीला मागची बाजूच नसते. स्वयंपाकघरात अंधार झाला की दिवा लावावा लागायचा, आजवर कधी संध्याकाळी लावावा लागला नव्हता. हे सवयीने खिडकीशी बसायचे आणि पत्र्याकडे बघायचे.

मग परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि भिंत निळी झाली. वर बघते तर पत्र्यावर मशीन! तोच चुकलेला बोर्ड मुलाने शेठना विचारून मागच्या अंगाला ठोकला होता, आमच्याकडे तोंड करून. चाक डावीकडे, जसं असायला हवं तसं. लाल सुई वर, खाली, वर, खाली. मी ओल्या हातांनीच तोंड दाबून धरलं.

फोन वाजला. "आई, बाबांना दिसतंय का?"

हे खिडकीत उभे होते, चौकटीला धरून. लाल उजेड चेहऱ्यावर यायचा, जायचा. गाल फुगवतील, म्हणतील नळी वाकडी बसवलीय गाढवाने, म्हणून मी वाट बघत राहिले.

"सांग त्याला, दिसतंय," हे म्हणाले. "फार छान केलंय म्हणावं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि सांग, माझी वाट बघू नकोस. माझ्याच्याने आता होणार नाही."

मी फोनवर पहिलं तेवढंच सांगितलं.

आज सकाळी डबे मात्र दोन भरलेत. एक मुलगा येऊन घेऊन गेला. दुसरा ह्यांच्या चपलांजवळ ठेवलाय.