चंडीगढ, बास्केटबॉल आणि पंधरा मिनिटांचा नियम

बास्केटबॉलच्या बनियनवर एक, दोन आणि तीन हे आकडे नसतात, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, चंडीगढच्या थंडीत, बारा उंच माणसांसमोर कळलं.

त्याचं असं झालं. आमच्या खात्याच्या औरंगाबाद कचेरीचा संघ साखळी स्पर्धेसाठी महिनाभर चंडीगढला जायचा होता. पैसे घेऊन खेळणारे संघ तेव्हा आपल्याकडे नव्हतेच. खेळाडू कुठल्या तरी खात्याच्या हजेरीपटावर असायचे, नावाला कारकून आणि कामाला बास्केटबॉल. संघाबरोबर मॅनेजर म्हणून जायला मात्र कोणी तयार होईना. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या बातम्यांनी रोज पेपरचं पहिलं पान भरत होतं. "कोण जातंय?" असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं, तेव्हा सगळ्यांनी पटापट आपापल्या घरची आजारपणं सांगितली. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यामुळे मी गेलो.

माझी उंची पाच फूट तीन इंच. बास्केटबॉलमधलं मला एवढंच कळे की चेंडू मोठा असतो. पण बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस मी. जुने बनियन मोजले तर आकडे चार ते पंधरा. एक, दोन, तीन गायब! कोणीतरी लांबवले, असं माझ्या अनुभवी नजरेनं ताडलं. नवा संच शिवून घेतला तो शिस्तीत, एक ते बारा. आणि तिकडे गेल्यावर नारळ फोडून वाटू, म्हणून गठ्ठा कोणाला उघडू दिला नाही.

स्टेशनवर पोचवायला आमची ही आली होती. मला काही न बोलता तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हरबंसच्या हातात दिली. "यांच्याकडे लक्ष ठेव रे बाबा," म्हणाली.

हरबंस हा आमचा सहा फूट चार इंचांचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभं राहून धक्के खाणारा. नांदेडचा शीख. त्याच्या घरच्या चार पिढ्या गोदावरीचं पाणी पिऊन वाढलेल्या, त्यामुळे पगडीखालून अस्सल मराठवाडी बोली बाहेर पडायची. तीन वर्षं आमच्याकडे रोजंदारीवर होता. खात्याचा नियम असा, की संघ पहिल्या चारांत आला तर रोजंदारीवरच्या खेळाडूला कायम करायचं. मात्र वयाची पंचवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. हरबंसला एप्रिलमध्ये पंचवीस पूर्ण होणार होती. फेब्रुवारी सुरू होता. हा सीझन गेला की त्याची नोकरीही गेली, हे आमच्या डब्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मनमाडला गाडी बदलली, दिल्लीला बदलली. हरबंस वरच्या बाकावर आडवा झाला की त्याचे पाय बोळात यायचे. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार केल्यासारखा वाकून जायचा.

चंडीगढला सकाळी उतरलो ते धुक्यात. स्टेशनच्या दारात वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यामागे बंदूक, बंदुकीमागे मफलर गुंडाळलेला जवान, आणि जवानाच्या हातात चहा. धुकं विरलं तशी उत्तरेला डोंगरांची निळी रांग उगवली. रस्ते असे रुंद आणि सरळ की पट्टीनं आखलेत. पण दर चौकात तसंच गोल उद्यान, तशीच झाडं, तशीच घरं. सेक्टर ३४ जवळच्या आमच्या वसतिगृहातून मी साबण आणायला बाहेर पडलो आणि तीन वेगवेगळ्या सेक्टरांतल्या एकसारख्या दुकानांसमोरून फिरून चौथ्याच वसतिगृहात शिरलो. तिथल्या चौकीदारानं मला बसवून आधी चहा पाजला, मग रस्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला सामना. सकाळी नारळ फोडला, गठ्ठा सोडला. आमचा कप्तान शिर्के बनियन हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला.

"भाऊसाहेब, एक नंबर कोणी लावला?"

"एकपासूनच मोजतात ना?" मी म्हणालो.

"बास्केटबॉलमध्ये चारपासून मोजतात. पंच बोटांनी एक, दोन, तीन करतो तेव्हा ते गुण असतात, खेळाडू नसतात! हे घालून आत पण नाही घेणार आपल्याला."

बाराही जण हसले. हरबंस तेवढा हसला नाही. त्यानं एक, दोन आणि तीन काखोटीला मारले आणि म्हणाला, "चला काका, शिंपी गाठू."

इंडस्ट्रियल एरियात युनिफॉर्म शिवणारं एक वर्कशॉप मिळालं. मालक पांढऱ्या दाढीचे सरदारजी, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. मी माझ्या हिंदीत अडचण सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "बाऊजी, एह नंबर लाये किस ने?" (हे आकडे लावले कोणी?) मी हरबंसकडे बघितलं. हरबंसनं छताकडे बघितलं.

"इक दे नाल चार ला दिये, चौदां हो गया," मास्टरजी बनियन उलटसुलट करत म्हणाले. "तिन दे अग्गे इक, तेरां. पर दो दा की करां? दो तां बड़ा ज़िद्दी है." (एकाला चार जोडला की चौदा, तिनाच्या आधी एक लावला की तेरा. पण दोनाचं काय करू? दोन भारी हट्टी आहे.)

शेवटी दोन उसवून तिथे पंधरा लावायचं ठरलं. मशीन घरघरत होतं आणि हरबंस जमिनीवर मांडी घालून ब्लेडनं टाके तोडत होता. तो पंधरा नंबर त्यानं स्वतःसाठीच ठेवला. निघताना मास्टरजींनी आम्हाला साय घातलेला चहा पाजला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मैनेजर साहब, अगली वार पुच्छ लैणा." (पुढच्या वेळी विचारून घ्या.)

स्पर्धा जुनी, पण यंदा मैदानाबाहेरचं सगळं बदललं होतं. जुने खेळाडू सांगत, इथे संध्याकाळी दिव्यांच्या झोतात सामने होत, कॉलेजच्या पोरी फळीवर बसून ओरडत, बाहेर टिक्कीवाले उभे असत. आता सामने दुपारी दोनला. अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या खोलीत. दिवे बंद, टिक्कीवाले गायब, बघायला आलेल्यांचे डबे दारावरच काढून घेत. एकदा मध्यंतराला कोणाच्या तरी स्कूटरचा फटाक्यासारखा आवाज झाला आणि प्रेक्षकांत बसलेले चाळीस जण एकदम खाली वाकले. मीही वाकलो. मग सगळे एकमेकांकडे बघून हसले आणि कपडे झटकून बसले. खेळ पुढे सुरू झाला.

वसतिगृहापासून मैदान वीस मिनिटांच्या चालीवर. मधे पोलिसांचा नाका. मी मफलर-स्वेटरमधला, "जाओ बाऊजी, जाओ." शिर्के आणि बाकीचे, "चलो, चलो." हरबंसला मात्र रोज बाजूला घेत. पिशवी उपडी, बूट काढ, नाव सांग, बापाचं नाव सांग. संघाच्या ओळखीचा कागद माझ्याकडे, म्हणून बाकीच्यांना पुढे पाठवून मी पलीकडच्या जांभळाच्या झाडाखाली थांबत असे.

पहिल्या दिवशी तिथल्या वयस्क हवालदारानं, त्याच्याही डोक्यावर पगडीच, विचारलं, "कित्थों आया?" (कुठून आलास?)

"नांदेड."

"हजूर साहिब?" नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं नाव घेत हवालदारानं काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले. मग पुन्हा पिशवीत हात घातला. "ड्यूटी है, पुत्तर."

त्या पुत्तरला दुसऱ्या दिवशीही अर्धा तास लागला आणि तिसऱ्या दिवशीही. हरबंस कधी चिडला नाही. फक्त सुटून आला की दहा पावलं काही बोलायचा नाही. अकराव्या पावलाला विचारायचा, "काका, चटणी शिल्लक हाय का?"

चटणी संपली त्या रविवारी साताऱ्याचे सूर्यवंशी देवासारखे भेटले. हवाई दलातले, तीन वर्षांच्या बदलीवर आलेले. मराठी बोलताना आम्हाला बाजारात ऐकलं आणि शिर्के, हरबंस आणि मला थेट घरी जेवायला घेऊन गेले. वहिनींनी पिठलं केलं होतं, आणि साताऱ्याहून आणून जपून ठेवलेल्या पिठाच्या बाजरीच्या भाकऱ्या. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला मी विचारलं, "शाळा आवडते का गं?"

"हाँ अंकल, पर छुट्टी बहुत होती है," ती म्हणाली.

"सगळं कळतं हो तिला," वहिनी म्हणाल्या, "पण तोंडातून मराठी काढेल तर शपथ." मग हरबंसकडे वळून अदबीनं, "और लीजिए ना, भाईसाहब."

"वहिनी, ठेचा हाय का अजून थोडा?" हरबंस म्हणाला.

वहिनींच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "मम्मी! सरदार अंकल को मराठी आती है!" असं ओरडत पोरगी उठली, स्वतः ठेच्याची वाटी घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तुला... अजून... पाहिजे?" सूर्यवंशी म्हणाले, "घ्या! आम्ही तीन वर्षं घसा कोरडा केला." निरोप घेताना वहिनींनी सहज विचारलं, "नोकरी कायम झाली का हो तुमची?" हरबंस म्हणाला, "व्हायलीच आता."

आठ संघ, सात सामने. सहा झाले तेव्हा हिशेब साधा होता. शेवटचा जिंकला तर चौथे, हरलो तर पाचवे.

शेवटचा सामना जालंधरच्या संघाशी. दुपारी दोनला आम्ही कोर्टवर, पंच कोर्टवर, समोरचा बाक रिकामा. जालंधरहून येणारी त्यांची बस शहराच्या वेशीवरच अडवली होती. सकाळी कुठेतरी काहीतरी झालं होतं आणि सगळ्या गाड्या तपासून सोडत होते, एवढंच निरोप्यानं सांगितलं.

बास्केटबॉलचा नियम असा, की ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत संघ हजर झाला नाही तर समोरचा संघ विजयी. सव्वादोनला पंचांनी माझ्यापुढे कागद ठेवला. "आप क्लेम करते हैं तो साइन कर दीजिए. नियम आपके साथ है."

प्रामाणिकपणे सांगतो, मी विचार केला नाही. खिशातून पेन काढलं आणि सही केली. टोपण लावत होतो तेव्हा कागदावर सावली पडली.

"काय करायलात काका?"

"कायम झालास तू," मी म्हणालो. "चौथे आलो आपण."

पंचांनी कागद उचलायच्या आत हरबंसनं तो वाचला. त्याचे कान लाल झाले. "ते नाक्यावर अडकलेत."

"नियम आहे रे. पंधरा मिनिटं."

"नाक्यावरून पंधरा मिनिटांत कधी सुटलोय मी?" तो हळूच म्हणाला. "महिनाभर तुम्ही रोज झाडाखाली थांबला की नाही? मग?"

"एप्रिल विसरलास का?"

"एप्रिल माझाच हाय. मी कसा विसरीन?"

मी शिर्केकडे बघितलं. शिर्के बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. सही केलेला कागद पंचांकडून परत मागणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. पंचांनी तो दिला, आणि म्हणाले, "रोशनी रहेगी तब तक रुकूँगा." (उजेड आहे तोवर थांबेन.)

आम्ही थांबलो. पोरं उन्हात किन्नू (मोठी, आंबटगोड संत्री) सोलून खात बसली. हरबंस एकटाच बास्केटखाली चेंडू टाकत राहिला. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात, लाज वाटते सांगायला, ती बस येऊ नये म्हणत होतो.

पावणेचारला ते आले. धावतच आले, हातात बूट. त्यांचा मॅनेजर माझ्याच वयाचा, ढेरी सावरत. त्यानं पंचांच्या टेबलाकडे बघितलं, रिकामा गुणफलक बघितला आणि माझे दोन्ही हात धरले. "बाऊजी," एवढंच म्हणाला. मी आपलं बोटानं हरबंसकडे दाखवलं.

असा सामना मी पुन्हा बघितला नाही. सावल्या लांबत गेल्या तसे दोन्हीकडचे खेळाडू सावल्यांवरच उड्या मारताहेत असं वाटे. हरबंसनं एकट्यानं तेवीस गुण केले. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि मी, बास्केटबॉल न कळणारा मी, खुर्चीवर उभा राहून औरंगाबादी शिव्या देत होतो. मग त्यांच्या एका किडकिडीत पोरानं लांबून चेंडू टाकला. तो कडेवर दोनदा नाचला आणि आत पडला. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं हरलो.

त्या किडकिडीत पोरानं सगळ्यात आधी येऊन हरबंसला मिठी मारली. त्याला काय माहीत, त्यानं काय केलं ते. हरबंसनं त्याची पाठ थोपटली आणि नळाखाली जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

परतीच्या गाडीत दिल्लीपर्यंत सगळे पांघरुणं ओढून पडून होते. दिल्ली सोडल्यावर हरबंसनं पाय बोळात ताणले आणि विचारलं, "काका, नांदेडला बेकरी टाकली तर चालंल का?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेतं मागे पळत होती आणि मी विचार करत होतो, महिनाभर दुसऱ्या प्रांतात राहून मी काय आणलं? एक शाल, किन्नूची करंडी, आणि ज्या माणसांना पेपरातल्या बातमीत भेटलो असतो तर घाबरलो असतो, त्यांच्या हातचा चहा प्यायल्याची आठवण. हरबंसला मात्र मी काहीच देऊ शकलो नव्हतो.

घरी आलो. जेवताना हिला सगळं सांगितलं. बनियनचे आकडे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. नाका सांगितला तेव्हा तिचा घास हातात राहिला. शेवटचा सामना मी जरा रंगवूनच सांगितला, काय खोटं बोलू. "आम्ही पावणेदोन तास थांबलो," असं दोनदा म्हणालो. मग असंही सांगितलं की साहेबांनी खास शिफारस केली तर वयाच्या अटीत सूट मिळून हरबंसला आणखी एक सीझन मिळू शकतो, आणि त्याला पंचवीस पूर्ण व्हायला अजून सहा आठवडे आहेत. पण हरलेल्या संघासाठी साहेबांच्या तोंडासमोर जाऊन मागायचं म्हणजे, तुला माहीतच आहे आमचे साहेब, कसं मागणार?

तिनं माझ्या पानात भात वाढला.

"थांबला तो," ती म्हणाली. "तुम्ही नुसते खुर्चीत बसून होतात. आता उद्या साहेबांपुढे जाऊन पावणेदोन तास उभे राहा."