पाणी सोडणारे शेजारी

इस्पितळाच्या लाँड्रीतून निवृत्त झाल्यावर बुधाजींनी परळच्या आपल्या चाळीच्या गच्चीवर भाजी लावायला घेतली. मासळीबाजारातून आणलेली थर्माकोलची खोकी, रंगाचे रिकामे डबे, त्यांत हिवाळ्याची मेथी, मुळा, टोमॅटो, कोपऱ्यात वालाचा वेल. चाळीने विरोध केला. पाणी मुरतं, मच्छर होतात. बुधाजी घरोघर मेथीच्या जुड्या वाटत राहिले. लोकांनी जुड्या घेतल्या आणि विरोधही चालू ठेवला.

यंदा दिवाळी सरली आणि चाळ अचानक निसर्गप्रेमी झाली. कमिटीचा सेक्रेटरी संघर्ष याने खोकी हटवायची नोटीस दोनदा लावली होती. तोच आता मातीच्या गोण्या वर चढवून गेला. म्हणाला, "जयभीम काका. यंदा फ्लॉवर लावा. पाण्याचं टेन्शन नको, टाकीला पाइप जोडून देतो." बुधाजी भारावले. माणूस सुधारतो यावर त्यांचा विश्वास होता.

त्यांची बायको बकुळाबाई भारावली नाही. या दोघांची खोली गच्चीच्या बरोबर खाली. छताला ओल धरली, पोपडे गळू लागले. एका दुपारी मळलेल्या कणकेत प्लास्टरचा तुकडा पडला.

"अहो, बिल्डिंग धोकादायक ठरत नाही म्हणून बिल्डरचं पुनर्विकासाचं काम अडलंय," त्या कणकेतला चुरा वेचत म्हणाल्या. "आता कळलं, फ्लॉवर कोणाला हवाय ते?"

"खाली आपण राहतो, हे माहीत आहे त्यांना."

"माहीत आहे म्हणूनच हल्ली कुणी आपल्याकडे चहाला बसत नाही."

बुधाजी संघर्षकडे गेले. त्याने खुर्ची दिली, नव्या फ्लॅटचा नकाशा दाखवला, लिफ्ट कुठे येणार तेही सांगितलं. छताचा विषय निघाल्यावर त्याने नकाशाची घडी घातली. "काका, थोडे दिवस आतल्या बाजूला झोपू नका."

त्या दिवसापासून बुधाजींनी पाणी घालणं बंद केलं. मेथी माना टाकेल या हिशेबाने ते वर गेले, तर ती तरारलेली, आणि खोक्यांखाली डबकी. त्यांनी माती उतरवायला माणसं मागितली. गोण्या चढवणाऱ्या सगळ्यांची कंबर एकाएकी धरली होती.

मग ते एकटेच घमेल्याने माती उतरवू लागले. जिन्यात लोक अदबीने बाजूला होत. बुधाजी घमेलं रिकामं करून वर येईपर्यंत कुणीतरी पुन्हा पाणी सोडलेलं असे.