बाईंच्या कादंबरीतला माझा नकार

धडगावला जीप भरण्याची वाट बघत बसले होते, तेवढ्यात फोन आला. म्हसावदहून शालिनीबाईंची भाची बोलत होती. "आत्या गई वं ताई..." बाई गेल्या होत्या. जीप भरली, सुटलीही. मी तिथेच बसून राहिले.

शालिनीबाई आम्हाला शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीला आल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली, तीही आमच्यासारख्या वयात येणाऱ्या पोरींवर. दर रविवारी मी कळसाडीहून म्हसावदला त्यांच्या घरी यायची, गावातल्या चार-पाच जणी असायच्या. बाई नवं प्रकरण वाचायच्या आणि आम्ही बेधडक चुका काढायचो. "आसं कोनी बोलस का बापपुढे?" असं एखादी म्हणाली की बाई चष्मा कपाळावर सरकवून तिथल्या तिथे पान खोडायच्या. स्वतःचंच घोडं दामटणं त्यांना जमायचंच नाही.

मी बारावीत असताना मला बघायला पाहुणे आले. आठ दिवसांनी त्यांचा नकार आला. मुलगी सावळी आहे म्हणे. तो अपमान काही गिळवेना... रविवारी मी ऐटीत सांगून टाकलं, "बाई, मीच नही म्हनी दिन्हं!" पोरी बघतच राहिल्या. बाईंनी खोदून खोदून विचारलं, मीही थापा मारत गेले. पुस्तक निघालं तेव्हा त्यातली सिंधू भरल्या बैठकीत माझ्याच शब्दांत नाही म्हणत होती. पोरी मला सिंधू म्हणू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आलं. घरात सगळ्यांना पसंत, आणि मला तर नर्सिंगला जायचं होतं. गावभर सिंधू म्हणून मिरवायचं आणि घरात मान डोलवायची, हे जमेना. त्या दिवशी मी खरंच नाही म्हणाले. पुस्तकातलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ! नुसती रडत नाही-नाही म्हणत राहिले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंना शेवटची भेटले ती दिवाळीनंतर. त्यांनी अंथरूण धरलं होतं. आता सांगायलाच हवं, असं वाटलं.

"बाई, तो पहिला नकार मन्हा नही व्हता."

"माले माहीत व्हतं," बाई म्हणाल्या. त्या मुलाची मावशी त्यांच्या शेजारीच राहायची!

"मंग लिखं कसाले?"

"पुढे तुले लागी म्हनीसन."

पुढे मला तो नकार लागेल, म्हणून! लाज वाटली, रागही आला... आणि मग आम्ही दोघीही हसत सुटलो.

दिवसकार्य आटोपल्यावरच्या रविवारी भाचीनं बाईंची खोली उघडली. रविवारी बाईंकडे जमणाऱ्या हल्लीच्या पोरी सवयीनं आल्याच होत्या. मग अकरावीतली एक जण एकदम म्हणाली, "ताई, माले दखाले पाव्हना उनथात. मी त्यासले नही म्हनी दिन्हं." आवाज मोठा होता, नजर मात्र जमिनीवर. खरं का खोटं, ते मी विचारलं नाही. बाईंच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, सतरंजीवरच तिच्याजवळ सरकले आणि पुढचं विचारलं, "सांग, आखो काय म्हनं तू?"